बिनतलवारीचा बार्टली

बार्टली नेफ दुधाच्या लाकडी बादल्या बनवायचा आणि त्या गळत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा त्याच्या राजकारणाचा विषय निघाला की आमच्या शाखन गावात त्याच्याबद्दल बरं बोलणारं माणूस सापडत नाही. मी धरून.

गळायचं ते त्याचं तोंड. माझ्या भट्टीसमोरच्या बाकावर बसून तो झुरिकहून आलेलं शिळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि वाचता वाचता माझ्या मधाच्या केकचे तुकडे तोंडात टाकायचा, जणू ते वर्तमानपत्राबरोबरच फुकट आले होते. पॅरिसात काय चाललंय, आरोपीला दोरीनं टांगून कबुली काढणं कसं रानटी आहे, ऱ्हाइनकाठच्या लोकांना आपण पिढ्यान्‌पिढ्या रयत म्हणून वागवतो ती कशी लाजेची गोष्ट आहे. अंगणातून त्याची बायको सालोमे हाका मारत राहायची.

"बार्टली, तुझी बायको सकाळपासून जळण मागतेय," मी म्हणायची.

"बाबेली, जग बदलतंय!"

"बदलू दे की. चूल पेटली तर त्यालाही जरा ऊब मिळेल."

आमच्याकडे कारभार मैदानात चालतो. वसंतातल्या एका रविवारी सगळे पुरुष काळा कोट घालून, कमरेला तलवार लावून दोरीच्या रिंगणात उभे राहतात आणि हात वर करून वर्षाचे अधिकारी निवडतात. कमरेला तलवार नसेल तर चोपदार दोरीच्या आत घेत नाही. एखाद्याची अब्रू काढून घ्यायची असली की आमचं न्यायालय त्याची तलवार काढून घेतं; मग तो माणूस जन्मभर दोरीबाहेर, आम्हा बायकांबरोबर आणि शेळ्यांबरोबर. बायकांना तलवार मुळातच नाही, तेव्हा आमच्या अब्रूचा हिशेब कुणी मांडत नाही. पण मी त्या दोरीला लागूनच केकची पाटी मांडायची, आणि बाहेरून सगळ्यांचे हात दिसतात. आतल्यांना फक्त पुढच्याची टोपी दिसते.

आणखी एक. निवडून आलेल्याला नको म्हणता येत नाही. नको म्हणायचं तर घरदार इथेच टाकून मुलूख सोडायचा, परत यायचं नाही. जो सभेच्या दिवशी मुलखाबाहेर असेल त्याचं नाव मात्र पुकारता येत नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी शहाणी माणसं उर्नेश नदीवरचा छपराचा पूल ओलांडून पलीकडच्या मुलखात मामाला भेटायला जातात. एरवी वर्षभर ज्यांना मामा नसतो, त्यांनाही त्या रविवारी असतो. माझा नवरा तर असा मामावेडा होता की त्याला साधं कुंपणतपासनीसही कुणी करू शकलं नाही.

तर सतराशे अठ्ठ्याण्णव साली फ्रेंच आले, आणि बार्टलीचं वर्तमानपत्र अंगणात उतरलं. सैनिक घरोघरी राहिले, गवत घोड्यांनी खाल्लं, चीज सैनिकांनी. मैदानातली सभा बंद. सारा देश एकच, सगळे समान, रयत कुणीच नाही असं जाहीर झालं. चर्चसमोर फरचं एक झाड तासून स्वातंत्र्याचा खांब उभा केला, टोकाला टोपी ठोकली. बार्टलीनं त्यापुढे भाषण केलं. भाषण लांबलं. दुसऱ्या दिवशी मी त्या खांबापासून माझ्या खिडकीपर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घातले, तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "बघ, दुसऱ्याच दिवशी उपयोगाला आला." असा होता तो. त्याच्यावर धड चिडताही यायचं नाही.

नव्या सरकारनं त्याला गावचा प्रतिनिधी नेमलं. आणि त्याच शरदात हुकूम आला: सगळी शस्त्रं जमा करा.

बंदुका गेल्या त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. पण तलवारी? आमच्या विणकरांच्या तलवारींनी कधी कोंबडीही कापलेली नव्हती. म्यानातून त्या निघायच्यासुद्धा नाहीत, गंजून बसलेल्या. पण आज्याची, पणज्याची. घरात विकण्यासारखं काही उरलं नाही तरी जी विकायची नाही अशी एकच वस्तू.

बार्टली चर्चच्या पायरीवर उभा राहिला. आपल्या आज्याची तलवार त्यानं कमरेची सोडली आणि स्वतःच्या हातानं गाडीत ठेवली, सर्वांत आधी.

"बघा रे," तो म्हणाला, "आता माणूस म्हणून मत आहे. कमरेला लोखंड लटकवलं म्हणून नाही. आणि तरीही ज्याला ती हवी आहे, त्याला ती परत मिळेल. मी आणून देईन."

"आणि नाही मिळाली तर?" हे उली फ्रेनरनं विचारलं. उली मलमल विणायचा. मलमलीचा धागा कोरड्यात तुटतो म्हणून आमचे विणकर ओल्या तळघरात बसतात, आणि उली तिथे इतकी वर्षं बसला होता की त्याचा रंग बटाट्याच्या कोंबासारखा झाला होता. बार्टलीचं सगळं भाषण तोंड उघडं टाकून ऐकणारा गावात तो एकटा.

"नाही मिळाली आणि सभा कधी परत भरली, तर तुझ्याआधी मी रिंगणात पाय ठेवणार नाही. झालं समाधान?"

"शब्द?"

"शब्द."

उलीनं तलवार दिली. त्याच्यामागून तळघरातले सगळे आले, एकेक करून, डोळे चोळत. कप्तान प्रायझिगही आला. आमच्याकडचा सर्वांत मोठा मलमलीचा व्यापारी. पोट पुढे, कप्तान मागे. त्यानं कापडात गुंडाळलेलं काहीतरी गाडीत आदळलं आणि रुमालानं डोळे पुसले. ते कापड मी उलगडून पाहिलं. गवत कापायच्या विळ्याचं मोडकं पातं होतं.

"कप्तानसाहेब," मी म्हटलं, "वडिलांनी याच विळ्यानं लढाई मारली होती का?"

"बाबेली, तू केक भाज."

मी केक भाजले. बार्टलीला सांगितलंही. तो म्हणाला, "ज्याचा तो बघेल. मी झडती घेणार नाही. झडत्या बंद करायलाच तर हे सगळं आहे." आता सांगा अशा माणसाचं काय करायचं!

त्यानंतर त्याची चढती कमान. गावच्या प्रतिनिधीचा जिल्ह्याचा कारभारी झाला, मग बर्नला मोठ्या सभेत जाऊन बसला. आमचा बादलीवाला! रेशमी मोजे घालायचा म्हणे. मी पाहिले नाहीत, पण सालोमेनं मला रफू करायला दाखवले तेव्हा दोन्ही टाचा गेलेल्या होत्या, म्हणजे घालत असणार. तिथे तो बोलला. टांगणं बंद व्हावं यावर बोलला, चौकात फटके मारणं बंद व्हावं यावर बोलला, शाळांवर तर इतका बोलला की अध्यक्षांनी घंटी वाजवली. सरकारं तोवर ओल्या सदऱ्यासारखी बदलत होती. सकाळी एक अंगात, संध्याकाळी ते पिळून दुसरं. बार्टली प्रत्येकात होता आणि प्रत्येकाला तेच सांगत होता.

तो सुट्टीला घरी आला की उली तळघरातून वर यायचा.

"बार्टलीदादा, आली का?"

"अरे उली, या महिन्यात आम्ही शाळांचा कायदा..."

"चांगलं झालं. तलवार आली का?"

"झुरिकच्या कोठारात चौकशी केली. तिथून बाझेलला गेल्या म्हणतात. वाटेत आहेत."

बाझेलमध्ये त्या नव्हत्या. फ्रेंचांनी वितळवल्या, असं कुणी म्हणे. एका गाडीवानानं विकल्या, असंही कुणी म्हणे. बार्टली कोठारं फिरला, साहेबांच्या दारात तासन्‌तास उभा राहिला. मोठी मोठी भाषणं करणारा माणूस गंजक्या तलवारींसाठी कारकुनांना मस्का लावत हिंडतो, म्हणून बर्नमध्ये हसत असत. सालोमेच मला सांगायची. "झोपेत बोलतो गं," ती म्हणायची. "पूर्वी झोपेत स्वातंत्र्य म्हणायचा. आता 'उलीची, पितळी मुठीची' म्हणतो."

मग एके दिवशी तेही सरकार गेलं, आणि वरून निरोप आला की डोंगराळ मुलखांनी आपापला जुना कारभार परत सुरू करावा. सभा परत! गावात घंटा वाजल्या, पावे-ढोल माळ्यावरून खाली आले. आणि कप्तान प्रायझिगच्या गवताच्या गंजीतून त्याच्या वडिलांची तलवार निघाली, तेल लावलेली, लख्ख. कितीतरी गंज्यांमधून निघाल्या. बार्टलीवर ज्यांनी विश्वास ठेवला नव्हता, त्या सगळ्यांच्या.

ज्यांनी ठेवला होता ते दारात उभे राहून ही मिरवणूक बघत होते.

"जुना नियम म्हणजे जुना नियम," प्रायझिग सगळीकडे सांगत सुटला. "तलवार नाही तो आत नाही. आम्ही कुठे कुणाची घेतली?" नवी तलवार विणकराला परवडत नाही, आणि उसनी कोण देणार, ज्याची त्याला लागते. म्हणजे तळघरातला एकही माणूस आत नाही. मग मलमलीच्या मजुरीचा नियम आला की हात कुणाचे वर जाणार, ते सांगायला नको.

बार्टली बर्नहून परत आला तो एका पेटीनिशी. गावात कुणी त्याच्याशी बोलेना. त्याच्या बादल्या विकत घेणारे आता लांबच्या कारागिराकडे जाऊ लागले, आणि त्या बादल्या गळतात हे माहीत असून. त्याच्या दारावर कुणीतरी खडूनं तलवार काढली, पुसली तर पुन्हा काढली.

आणि त्यातच त्याला नशिबानं हात दिला. नदीपलीकडे सांक्त गालनचा नवा मुलूख तयार होत होता. तिथल्या मंडळींना त्याच्यासारखी माणसं हवी होती. शाळांचं खातं देतो म्हणाले. राहायला घर. सालोमे माझ्याकडे आली ती हसतच, किती वर्षांनी.

"गाडी सांगितलीय. सभेच्या दिवशी सकाळी निघायचं," ती म्हणाली. "पूल ओलांडला की सुटलो."

सभेच्या सकाळी मी पाटी डोक्यावर घेऊन निघाले तर गाडी दारात उभी. गादी, घड्याळ, कोंबड्यांचा पिंजरा, वर सालोमे. आणि बार्टली खाली, काळा कोट घालून. कमर मोकळी.

"तू चढ ना रे," मी म्हटलं.

"मी मैदानावर जाऊन येतो."

"आत तर घेणार नाहीत तुला!"

"आत जातोय कोण? उली आणि बाकीचे दोरीबाहेर उभे राहणार आहेत. मी त्यांच्याबरोबर उभा राहीन. सभा संपली की निघू."

"उभं राहून काय होणार?" सालोमे गाडीवरून ओरडली. "बार्टली, तुझं नाव पुकारलं तर? प्रायझिग वाटच बघतोय. तू आत्ता पलीकडे हवास!"

"काही होणार नाही," तो म्हणाला. म्हणजे उभं राहून काही होणार नाही, की नाव पुकारलं जाणार नाही, ते त्यालाच ठाऊक. आणि चालू लागला. सालोमे गाडीवरून उतरली नाही. तशीच पिंजरा मांडीवर घेऊन बसून राहिली.

मैदानावर आत काळ्या टोप्यांचा समुद्र, मधोमध लाकडी माचा, माच्यावर प्रायझिग. त्याला नुकतंच मुख्य कारभारी निवडलं होतं. बाहेर माझ्या पाटीशेजारी तळघरातली माणसं, उन्हात डोळे मिचकावत. एकानं कमरेला मांस भाजायची सळई लटकवून पाहिली होती. चोपदारानं ती उपसून दोरीपलीकडच्यांना दाखवली आणि हशा पिकला. बार्टली येऊन उलीच्या बाजूला उभा राहिला. उलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आली का?" समोर बघतच त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कशाला आलास?"

मी दोघांना एकेक केक दिला. पैसे घेतले नाहीत, यावरून दिवस कसा होता ते समजा.

एकेक पद भरत गेलं. शेवटी उरलं ते भिकारीहाक्याचं. हे पद कुणालाच नको असतं. भिकाऱ्यांना काठीनं हाकत पुलापलीकडे घालवायचं, आणि चोराला शिक्षा झाली की चौकात वेताचे फटके आपल्या हातानं मारायचे. हाक्याच्या पोरीला नवरा मिळत नाही, हाक्याच्या बाजूला चर्चमध्ये कुणी बसत नाही.

प्रायझिग माच्यावर पुढे आला. "नावं सांगा!"

आतून कुणीतरी ओरडलं, "बार्टली नेफ! त्याला फटक्यांचं फार वाटतं!"

असा हशा झाला की पाखरं उडाली. बर्नमध्ये फटके बंद करा म्हणून घसा कोरडा करणारा माणूस. त्याच्या हातात वेत! विनोद फार गोड होता. प्रायझिगला तर खाली बसावं लागलं. हात वर झाले, धडाधड, नीट मोजायचीही गरज नव्हती.

"निवडला!" प्रायझिग डोळे पुसत ओरडला. "नेफ, ये आत. शपथ घे. नाहीतर तुझी गाडी जुंपलेलीच आहे म्हणे. तशीच हाक, पण मग घराकडे परत बघायचं नाही."

सगळे वळून बार्टलीकडे बघू लागले. तो पांढराफटक पडला होता. जायचं असतं तर तेव्हाही जाता आलं असतं. घर गेलं असतं, पण पलीकडे घर तयार होतं. मी मनात म्हटलं, पळ, मूर्खा, पळ.

तो दोरीपर्यंत गेला आणि थांबला.

"चोपदार," तो म्हणाला, "माझ्या कमरेला काय आहे?"

चोपदारानं वाकून पाहिलं. "काही नाही."

"मग मला आत कसा घेता?"

चोपदारानं मान वळवून माच्याकडे पाहिलं. प्रायझिगचं हसू अजून तोंडावर होतं, पण त्याच्या खालचं काहीतरी निघून गेलं होतं.

"तुला सभेनं निवडलंय," तो म्हणाला. "ये आत!"

"ज्याला अब्रू नाही त्याला निवडता येत नाही. हा जुना नियम. मला निवडलंत, म्हणजे तलवारीवाचून माणसाला अब्रू असते. तसं असेल तर हे सगळे आत येतात. तसं नसेल तर माझी निवड रद्द, मी बायकोकडे जातो. सांगा कप्तान, काय ते. मी घाईत आहे."

आमच्या लोकांची ही एक खोड आहे: सभेत झालेली निवड मोडायची म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो. एकदा मोडली तर उद्या कुणाचीही मोडेल. प्रायझिगची स्वतःचीही तर त्याच सकाळची होती. मागून म्हातारे पुटपुटू लागले, "निवड ती निवड... हात वर झालेत..." प्रायझिग एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग हातानंच खूण केली. चोपदारानं दोरी खाली केली.

बार्टलीनं पाय उचलला नाही. तो बाजूला झाला.

"उली, तू आधी."

उली गेला. त्याच्यामागून बाकीचे, एकेक, जसे त्या दिवशी गाडीकडे गेले होते तसेच. सगळ्यांत शेवटी बार्टली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कशाला सांगत बसले असते! प्रायझिग काही मलमलीसारखा मऊ माणूस नव्हता. सगळे आत आले, तेव्हा तो म्हणाला, "आता सभा मोठी झाली. मघाची निवड थोड्यांनी केलेली. न्यायाचं म्हणजे परत विचारायला हवं. बार्टली नेफ भिकारीहाक्या व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

आता ते सगळे आत होते, आणि पारडं फिरवण्याइतके होते. त्यांनी हात खाली ठेवले असते तर तो सुटला असता. निवड सभेनंच बदललेली, त्यात कुणाच्या पोटात गोळा यायचं कारण नाही. सालोमे, कोंबड्या, शाळांचं खातं. बार्टलीनं मागे वळून बघितलं. चेहऱ्यावर आशा होती, ते मी पाहिलं. नसती तर बरं झालं असतं.

पहिला हात उलीचा वर गेला. बटाट्याच्या कोंबासारखा पांढरा. मग त्याच्या बाजूचा. मग तळघरच्या सगळ्यांचे.

संध्याकाळी उली पाव घ्यायला आला तेव्हा मी पाव दिला नाही.

"हरामखोरा, त्यानं तुला आत नेलं. आणि तू?"

"काकू, त्याला सोडला असता तर तो पुलापलीकडे गेला असता."

"जाऊ द्यायचा होता!"

"मग मी तलवार कुणाकडे मागायची?" उली म्हणाला. खरंच विचारत होता तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पाव देऊन टाकला मी.

सालोमेनं पिंजरा उतरवला, घड्याळ उतरवलं. बार्टलीशी ती किती दिवस बोलली नाही, ते मी मोजायला गेले नाही. सांक्त गालनची जागा दुसऱ्याला गेली. भिकाऱ्यांना हाकायचं म्हणजे बार्टली त्यांच्याबरोबर पुलापर्यंत गप्पा मारत जायचा. काठी टेकायला एखाद्या म्हाताऱ्यालाच द्यायचा. ते चालून गेलं. पण शरदात एका माणसाला चीज चोरल्याबद्दल फटके झाले, आणि तिथे गप्पा चालत नाहीत. बार्टलीनं ते मारले. हळू मारले म्हणून न्यायाधीशानं परत मारायला लावले. मग तो माझ्या बाकावर येऊन बसला. मी कॉफी दिली, ती त्यानं बशीत सांडली सगळी. वर्तमानपत्र बाजूलाच पडलं होतं. त्यानं ते कॉफी पुसायला घेतलं.

मरेपर्यंत तो हाक्याच राहिला. दर वसंतात कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं आणि हात वर व्हायचे, सवयच लागली. आणि सभेच्या सकाळी तो कधी पूल ओलांडून गेला नाही. त्याला मामा नव्हता, असं मी लोकांना सांगते. बिनतलवारीचे सगळे मात्र दरसाल आत जात राहिले, आणि मजुरीचा नियम प्रायझिगला हवा तसा कधीच झाला नाही. त्याबद्दल कुणी बार्टलीचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

उली तेवढा त्याच्याशी बोलायचा. दोरीशी दोघं भेटले की उली थांबायचा.

"आली का?"

"वाटेत आहे," बार्टली म्हणायचा, आणि त्याला पुढे जाऊ द्यायचा.